सीडीएन घेतलं म्हणजे साइट वाचली असं नसतं, आधी सर्व्हर तयार करावा लागतो

१६ जुलै २०२१. दुपारचा १ वाजला आणि राज्यभरातल्या दहावीच्या पोरांनी एकाच वेळी मोबाईल हातात घेतले. त्या वर्षी कोरोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागणार होता. विद्यार्थी १५ लाखांच्या वर. पण निकालाच्या वेबसाइटच उघडेनात. पान नुसतं फिरत राहायचं, मग एरर. हे कित्येक तास चाललं. ९९.९५ टक्के पोरं पास झाली हे टीव्हीवरून सगळ्यांना कळलं, पण आपले मार्क किती ते ज्याचं त्याला कळेना.

राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचं मुख्यालय पुण्यात, शिवाजीनगरला. त्यामुळे दुपारी १ ते ४ बंद असण्याचा जुना पुणेरी विनोद इथे करायचा मोह कुणालाही होईल. पण विषय गंभीर होता. पुढे चारच दिवसांनी अकरावीच्या सीईटीसाठीचं नोंदणीचं पोर्टल सुरू झालं आणि तेही तांत्रिक अडचणीमुळे काही दिवस बंद ठेवावं लागलं.

अशा बातमीखाली कमेंटमध्ये एक वाक्य हमखास असतं, ‘अरे, सीडीएन लावा ना!’ सल्ला चुकीचा नाही. फक्त अर्धा आहे. सीडीएन ही सर्व्हरसमोर उभी करायची गोष्ट आहे, आणि मागचा सर्व्हर तयार नसेल तर ती कधी निरुपयोगी ठरते, कधी चक्क धोकादायक. ही तयारी काय असते ते बघू. तुमचा छोटा ब्लॉग असो, दुकानाची साइट असो की मंडळाचं पोर्टल, बहुतेक गोष्टी सारख्याच लागतात.

सीडीएन नेमकं करतं काय?

कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क म्हणजे जगभर पसरलेल्या हजारो सर्व्हरचं जाळं. तुमच्या साइटची एक प्रत या सर्व्हरवर ठेवली जाते आणि वाचकाला त्याच्या जवळच्या सर्व्हरवरून मिळते. पुण्यातली बाकरवडी खायला ठाण्याचा माणूस रोज पुण्याला येत नाही, ती त्याच्या गल्लीतल्या दुकानात आलेली असते. तसंच.

अंतराचा फरक किती पडतो? पुण्यापासून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत, जिथे जगातले कितीतरी मोठे डेटा सेंटर आहेत, सरळ अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे नुसती एक जाऊन-येऊन फेरी १३० मिलिसेकंदांची, तीही केबल अगदी सरळ असती तर. आणि पान उघडायच्या आधी कनेक्शन जोडायला एक, सुरक्षित कुलूप लावायला एक आणि पान मागायला एक, अशा किमान तीन फेऱ्या होतात. तोच सर्व्हर मुंबईत असेल तर हा वेळ जवळपास नाहीसा होतो. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेचं एक केंद्र तर २०१५ पासून पुण्यातच आहे.

हा धंदा सुरू होऊन पाव शतक उलटलं. एमआयटीतले गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी १९९८ मध्ये अकामाय कंपनी काढली, तिथून सीडीएनची गाडी सुटली. आज क्लाउडफ्लेअर, फास्टली, अ‍ॅमेझॉनचं क्लाउडफ्रंट अशी नावं आहेत, आणि क्लाउडफ्लेअरचा फुकट प्लॅन असल्यामुळे छोट्या मराठी साइटही सीडीएनवर येतात. फुकट आणि दहा मिनिटांत होतं म्हटल्यावर तयारीचा विचार कोण करतो!

सगळ्यांना एकच, की प्रत्येकाला वेगळं?

१९ नोव्हेंबर २०२३ ला क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक बघत होते. चाललं. मग १५ लाख पोरांचा निकाल का जड जातो?

कारण मॅच सगळ्यांना एकच दिसते. व्हिडिओचा तोच तुकडा कोट्यवधी लोकांना द्यायचा असतो, त्यामुळे जवळच्या सर्व्हरवर एकदा प्रत ठेवली की काम झालं. निकाल मात्र प्रत्येकाचा वेगळा. बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकायचं, बटण दाबायचं, मग सर्व्हर डेटाबेसमधून एकच मार्कशीट शोधून काढतो. असा फॉर्म साधारणपणे ‘पोस्ट’ पद्धतीने जातो आणि पोस्टला आलेलं उत्तर सीडीएन सहसा साठवतच नाही. ते प्रत्येक विनंती मुकाट्याने मागच्या मूळ सर्व्हरकडे ढकलतं. म्हणजे होमपेज झटक्यात उघडेल, लोगो दिसेल, सूचना दिसतील आणि ‘निकाल पाहा’ दाबलं की पुन्हा तीच फिरकी.

साधा हिशोब करा. १५ लाख जणांनी पहिल्या ५ मिनिटांत एकेकदाच बटण दाबलं असं धरलं तरी सेकंदाला ५ हजार विनंत्या होतात. पान उघडलं नाही की माणूस गप्प बसत नाही, रिफ्रेश करतो. प्रत्येकाने पाचदा केलं तर २५ हजार. शिवाय मामा, आत्या, क्लासचे सर आणि शेजारचे काका यांनाही निकाल बघायचा असतो, ते वेगळेच.

यावर उपाय आहे, पण तो सीडीएनच्या डॅशबोर्डवर नाही, सर्व्हरच्या बाजूला आहे. निकाल १ वाजता बदलत नसतो, तो आधीच ठरलेला असतो. मग प्रत्येक मार्कशीट आदल्या रात्रीच तयार फाइल म्हणून काढून ठेवता येते. एका मार्कशीटला २ किलोबाइट धरले तर १५ लाखांचे होतात ३ जीबी, म्हणजे आजच्या साध्या सर्व्हरच्या मेमरीत मावतील एवढे. डेटाबेसला हात लावायचीच गरज नाही. इथे खासगीपणाचा प्रश्न मात्र येतो. फाइलचा पत्ता नुसत्या बैठक क्रमांकावर ठेवला तर कुणीही क्रमांक पुढेमागे करून वर्गातल्या सगळ्यांचे मार्क काढेल. म्हणून पत्त्यात कुणाला ओळखता येणार नाही असा गुप्त भाग मिसळावा लागतो. हे काम निकालाच्या दिवशी सकाळी होत नाही, दोन महिने आधी ठरवावं लागतं.

आता बारावी-दहावीचे निकाल एकाच ठिकाणी न ठेवता अनेक वेबसाइटवर आणि डिजिलॉकरवरही दिले जातात. गर्दी वाटली जाते, हा अगदी व्यवहारी मार्ग आहे.

कॅश करताना दुसऱ्याचं पाकीट उघडू नका

इथे कॅश म्हणजे रोकड नव्हे, साठवलेली प्रत. काय साठवायचं आणि किती वेळ, हे सीडीएनला मूळ सर्व्हर सांगतो. प्रत्येक फाइलबरोबर तो ‘कॅश-कंट्रोल’ नावाची एक ओळ पाठवतो. लोगो वर्षभर ठेव, बातमीचं पान दोन मिनिटं ठेव, लॉगिन केलेल्या माणसाचं पान अजिबात ठेवू नको. सीडीएनवर जायच्या आधी करायचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही हेच.

टाळल्यावर काय होतं ते २०१५ च्या नाताळात दिसलं. स्टीम या गेमिंग साइटवर हल्ला झाला आणि ट्रॅफिक प्रचंड वाढलं. ते सांभाळायला कॅशिंग करणाऱ्या कंपनीने घाईत एक नवीन सेटिंग लावलं. त्या सेटिंगमुळे लॉगिन केलेल्या लोकांची वैयक्तिक पानंसुद्धा साठवली गेली. मग एकाने आपलं खातं उघडलं की त्याला भलत्याचंच दिसायचं. बिलाचा पत्ता, ईमेल, खरेदीची यादी, कार्डाचे शेवटचे दोन आकडे. कंपनीनेच नंतर सांगितलं की साधारण ३४ हजार लोकांची माहिती अशी दिसलेली असू शकते. सर्व्हर बंद पडला असता तर लोक चिडले असते एवढंच. हे प्रकरण त्याहून वाईट होतं.

त्यामुळे नियम सोपा ठेवावा. ज्या पानावर नाव, कार्ट, प्रोफाइल किंवा मार्क दिसतात त्यावर सर्व्हरकडूनच ‘खासगी, साठवू नका’ असं लिहून जायला हवं. सीडीएनमध्ये ‘सगळं कॅश करा’ असं एक मोहक बटण असतं, ते आधी दाबून मग अपवाद शोधत बसणं ही उलटी पद्धत झाली.

दुसरं टोकही बघा. क्लाउडफ्लेअर मुळात एचटीएमएल पानं कॅश करतच नाही. फोटो, स्टाइलशीट, स्क्रिप्ट एवढंच साठवतं. अनेक जण डीएनएस बदलतात, नारंगी ढग दिसला की खूश होतात आणि लेख व्हायरल झाल्यावर साइट पडली की चक्रावतात. लेखाचं पान तर दरवेळी मूळ सर्व्हरच बनवत होता!

तुम्ही फेसबुकवर लिंक शेअर करता तेव्हाही एक गंमत होते. फेसबुक लिंकच्या शेवटी ‘एफबीसीएलआयडी’ असं लिहून एक लांबलचक कोड जोडतं, आणि तो कोड सारखा बदलतो. वाचकासाठी लेख एकच, पण सीडीएनला प्रत्येक लिंक नवीन पान वाटते. त्यामुळे साठवलेली प्रत पडून राहते आणि प्रत्येक क्लिक सरळ मूळ सर्व्हरवर जाऊन आदळतो. म्हणजे लेख फेसबुकवर चालायला लागला, की नेमकं तेव्हाच सीडीएन कुचकामी. हे शेपूट कॅशसाठी धरू नये असं सेटिंग करता येतं, किंवा सर्व्हरवरच ते छाटता येतं. गुगलच्या जाहिरातींचं आणि यूटीएमचं शेपूटही त्याच यादीत घालावं.

सर्व्हर आपल्याच रक्षकाला चोर समजतो

सीडीएन लागलं की तुमच्या सर्व्हरला वाचक दिसेनासे होतात. सगळ्या विनंत्या सीडीएनच्याच मोजक्या आयपी पत्त्यांवरून येतात. आता बहुतेक सर्व्हरवर ‘फेल टू बॅन’सारखा पहारेकरी बसवलेला असतो. एकाच पत्त्यावरून फार विनंत्या आल्या किंवा कुणी चुकीचे पासवर्ड मारायला लागलं की तो पत्ता बंद करतो. कुठल्यातरी बॉटने तुमच्या वर्डप्रेसचं दार ठोठावलं, तर पहारेकरी ज्याला हाकलतो तो पत्ता असतो सीडीएनचा. त्याच पत्त्यावरून येणारे शेकडो खरे वाचकही मग बाहेर. साइट पुण्यात चालते, नागपुरात नाही, नाशिकला कधी चालते कधी नाही, असले प्रकार यातून निघतात आणि दोन दिवस कुणाला कारण सापडत नाही.

खऱ्या वाचकाचा पत्ता सीडीएन विनंतीसोबत वेगळ्या ओळीत पाठवतं. तो वाचायला सर्व्हरला आधी शिकवावं लागतं. इंजिनएक्समध्ये त्यासाठी रिअल आयपीचं मॉड्यूल आहे, अपाचेमध्ये मॉड रिमोट आयपी. पण ही ओळ खोटी लिहून पाठवणं कुणालाही जमतं, म्हणून विनंती खरोखर सीडीएनकडून आली असेल तरच तिच्यावर विश्वास ठेवायचा. सीडीएन कंपन्या आपल्या आयपी पत्त्यांची यादी जाहीर ठेवतात.

हीच यादी फायरवॉललाही लागते. वेबची दारं फक्त या पत्त्यांना उघडी, बाकी जगाला बंद. नाहीतर हल्ला करणारा पुढच्या दाराशी कशाला झगडेल? तो सरळ मागच्या सर्व्हरचा पत्ता शोधतो आणि तिथे गर्दी पाठवतो. पत्ता सापडणं अवघड नसतं. जुन्या डीएनएस नोंदींचे संग्रह इंटरनेटवर उपलब्ध आहेत, मेल किंवा एफटीपीचं सबडोमेन उघडं राहिलेलं असतं, आणि साइटने स्वतः पाठवलेल्या ‘पासवर्ड बदला’ छापाच्या ईमेलच्या हेडरमध्येही तो लिहिलेला असू शकतो. म्हणून जाणकार मंडळी सीडीएनवर गेल्यावर मूळ सर्व्हरचा आयपी एकदा बदलून घेतात.

कुलूप दोन्ही दारांना

वाचक ते सीडीएन हा एक रस्ता आणि सीडीएन ते सर्व्हर हा दुसरा. ब्राउझरमधलं कुलूप फक्त पहिल्या रस्त्याचं असतं. क्लाउडफ्लेअरच्या ‘फ्लेक्सिबल’ सेटिंगमध्ये दुसरा रस्ता उघडाच राहतो. त्यात आणखी एक विनोदी बिघाड होतो. सीडीएन सर्व्हरकडे साध्या एचटीटीपीने जातं, सर्व्हर म्हणतो ‘सुरक्षित दाराने या’ आणि परत पाठवतो, सीडीएन पुन्हा साध्याच दाराने येतं. शेवटी ब्राउझर ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ म्हणून हात टेकतो. सर्व्हरवर आधी व्यवस्थित सर्टिफिकेट बसवायचं आणि मग ‘फुल स्ट्रिक्ट’ निवडायचं, एवढंच करायचं असतं. सर्टिफिकेट आपोआप नवं होत असेल तर सीडीएन मध्ये आल्यावरही ते होतंय ना, हे एकदा तपासून घ्यावं. नाहीतर तीन महिन्यांनी एका सकाळी साइट बंद दिसते.

डीएनएस हलवताना जास्त करून मेल जातो. सीडीएन फक्त वेबचं ट्रॅफिक पुढे नेतं, त्यामुळे मेलच्या नोंदी त्याच्यामागे लपवल्या किंवा नव्या ठिकाणी उतरवायच्या राहिल्या की ऑफिसचा मेल बंद. जुन्या सगळ्या नोंदींची प्रत आधी काढून ठेवायची. डीएनएसचा टीटीएल, म्हणजे पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणायचा. डीएनएससेक चालू असेल तर नेमसर्व्हर बदलायच्या आधी बंद करायचं, नाहीतर अनेकांसाठी अख्खं डोमेनच गायब होतं.

फोटो आणि फॉन्टचं ओझं

मोबाईलमधून काढलेला ५ एमबीचा फोटो सीडीएनवर ठेवला तरी तो ५ एमबीचाच राहतो. तो आधी लहान करा, वेबपीमध्ये बदला. मराठी साइटना फॉन्टचंही बघावं लागतं. देवनागरीत जोडाक्षरांमुळे फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा जड होते. एक टाइपचा ‘मुक्ता’ किंवा गुगलचा ‘नोटो’ वापरताना वीस वजनं न घेता दोनच घ्यावीत. फॉन्ट वेगळ्या सबडोमेनवरून येणार असतील तर सर्व्हरने तशी परवानगीची ओळ पाठवायला हवी, नाहीतर ब्राउझर फॉन्ट नाकारतो आणि तुमचं सुंदर डिझाइन मोबाईलच्या साध्या फॉन्टात दिसतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं, पण ते दाबून छान लहान होतं, म्हणून सर्व्हरवर कॉम्प्रेशन चालू असलेलं बरं.

फाइलच्या नावात आवृत्ती घालायची सवयही इथेच उपयोगी पडते. स्टाइलशीट वर्षभर साठवायला सांगितली आणि उद्या बदलली, तर नाव तेच असल्यामुळे लोकांना जुनीच दिसेल. नाव बदललं की प्रश्न संपला. बातमीत चुकून भलत्याचं नाव गेलं तर मात्र कॅश पुसावी लागते. ते बटण कुणाकडे आहे, रात्री ११ वाजता फोन कुणाला करायचा, हे आधी ठरलेलं हवं.

मुहूर्त कुठला?

गर्दी यायच्या आदल्या दिवशी नक्कीच नाही. पुण्यातली बातम्यांची साइट असेल तर गणेश विसर्जन टाळा, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि तोवर सगळे ऑनलाइन असतात. मंगळवार-बुधवारची पहाट बरी, शुक्रवारची संध्याकाळ नको.

बदलायच्या आधी मूळ सर्व्हर एकटा किती गर्दी झेलतो ते मोजायला हवं, सीडीएन नसताना. कारण एक क्षण असा येतोच की साठवलेली प्रत शिळी होते आणि ती पुन्हा आणायला हजारो विनंत्या एकदम मागे धावतात. अशा वेळी एकच विनंती मागे पाठवायची आणि बाकीच्यांना तोवर जुनी प्रत दाखवायची, असं सीडीएनला सांगता येतं. पण ती एक विनंतीसुद्धा सर्व्हरने झेपवायला हवी.

साइट पडली की दोष कुणाचा, हे वाचक म्हणून तुम्हालाही ओळखता येतं. क्लाउडफ्लेअरच्या एरर पानावर तीन चित्रं असतात. ब्राउझर, ढग आणि होस्ट. ढगावर बरोबरची खूण आणि होस्टवर फुली असेल तर सीडीएन ठीक आहे, मागचा सर्व्हर झोपलाय. ५२१ म्हणजे सर्व्हरने दार उघडायलाच नकार दिला, ५२२ म्हणजे वाट बघून वेळ संपली, ५२५ म्हणजे सीडीएन आणि सर्व्हरमधली सुरक्षित जोडणी (एसएसएल हँडशेक) फसली.

आणि कधीकधी ढगच पडतो. ८ जून २०२१ ला फास्टलीच्या एका ग्राहकाने अगदी वैध असं सेटिंग बदललं, त्यातून लपलेला बग जागा झाला आणि नेटवर्कचा ८५ टक्के भाग एरर द्यायला लागला. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअरमध्ये बॉट ओळखणारी एक फाइल अपेक्षेपेक्षा मोठी झाली आणि एक्स, चॅटजीपीटीसह जगभरातल्या असंख्य साइट अडकल्या. त्या दिवशी अनेकांना ‘सीडीएन तात्पुरतं बंद करू’ असं सुचलं, पण ते बंद करायचा डॅशबोर्डही क्लाउडफ्लेअरचाच, आणि त्यात लॉगिनच होईना. म्हणून डोमेनच्या रजिस्ट्रारचं लॉगिन, डीएनएस नोंदींची प्रत आणि शक्य असेल तर आधीच काढलेली एपीआयची किल्ली, या तीन गोष्टी सीडीएनच्या बाहेर, साइट बंद असतानाही हाताशी येतील अशा जागी ठेवाव्या लागतात.